एवढं पान होऊ दे

काका: पुन्हा.

वाचिका: आता काय झालं?

काका: ‘कडीला’ म्हणताना खुर्ची वाजली.

वाचिका: खुर्ची कशी वाजेल? अर्धा तास दगडासारखी बसले आहे मी.

काका: मग जीभ वाजली असेल. सफरचंदाची फोड खा आणि पुन्हा घ्या. ‘नर्सनं कडीला हात लावला’पासून.

वाचिका: सकाळपासून दोन सफरचंदं खाल्ली, काका. तीही आंबट. आता जीभ नाही वाजायची, दात वाजतील. हे वाक्य कितव्यांदा चाललंय, माहीत आहे?

काका: मोजायचं नसतं. नीट येईपर्यंत घ्यायचं असतं.

वाचिका: नवव्यांदा. सकाळी दहाला मी तुमच्या या रेकॉर्डिंगच्या डबीत येऊन बसले, तेव्हा ती नर्स बंद दारासमोर उभी होती. आता चार वाजले, अजून उभीच आहे. कादंबरीची पहिली अठरा प्रकरणं आपण सतरा दिवसांत उरकली. आणि या एकोणिसाव्याला, शेवटच्याला, आजचा चौथा दिवस.

काका: शेवट नीट व्हायला हवा.

वाचिका: नीट व्हायला आधी तो व्हायला हवा ना.

काका: घेताय?

वाचिका: नाही घेत. हे बघा, हेडफोन काढून ठेवला. दिवसभरात तुम्ही चाळीस वेळा ‘पुन्हा’ म्हणालात. ‘जरा थांबा, पाणी प्या’ एकदाही नाही. तीस वर्षं नाटकात काढली मी. एकापेक्षा एक खडूस दिग्दर्शक पाहिले, पण चहाला सोडायचे हो ते.

काका: लाल दिवा चालू आहे.

वाचिका: असू दे. होऊ दे सगळं रेकॉर्ड. तुमच्या टेबलावर ऑफिसनं चिकटवलेली चिठ्ठी मला काचेतून दिसते. हे पुस्तक पुरं झालं की जुनं मशीन पुसून भंगारात, ते न्यायला मुलं आज पाचला येणार. म्हणजे पुस्तक पुरं झालं नाही, तर मशीन जागचं हलत नाही. गेल्या आठवड्यात एकदा मुलं परत गेली, परवा दुसऱ्यांदा. मी काही कुक्कुलं बाळ नाही, काका.

काका: मशीनचा आणि खुर्ची वाजण्याचा काही संबंध नाही.

वाचिका: बरं. मग दुसरं विचारते. काल मी या पुस्तकाची पहिली पाच प्रकरणं घरी नेऊन ऐकली.

काका: कुणी सांगितलं होतं?

वाचिका: स्वतःचा आवाज ऐकायला परवानगी लागते? संध्याकाळी भांडी घासता घासता ऐकत होते. दुसऱ्या प्रकरणात ती नर्स बंगल्यावर कामाला येते, म्हाताऱ्याची सेवा करायला, आणि पहिल्याच दिवशी तिला उशाकडच्या भिंतीतून कुणाचा तरी श्वास ऐकू येतो. तिथे ‘भिंत’ म्हणण्याआधी मी श्वास घेतलाय. काका, तो श्वास माझा नाही.

काका: भास.

वाचिका: बंगल्याचा मालक तिला हेच सांगतो. ‘वारा असतो बाई, तुम्हाला भास होतो.’ अठरा प्रकरणं सांगतो. शेवटी बिचारीला वाटायला लागतं की आपणच वेड्या.

काका: असली पुस्तकं वाचली की होतं तसं. पडका बंगला, बंद खोली, भिंतीतले आवाज. मन हळवं होतं.

वाचिका: माझं मन हळवं असतं तर तुमच्याकडे दुसऱ्या दिवशी आले नसते. मी नाकानं श्वास घेते. पहिल्या रांगेलासुद्धा ऐकू जाऊ नये, असा. मारूनमुटकून शिकवलंय मला. हा तोंडानं घेतलेला आहे. आणि शेवटी त्याला बारीक शिट्टी आहे, दाराच्या फटीतून येते तशी. एकदा नाही. पाच प्रकरणांत एकवीस वेळा.

काका: माइक जुना झालाय.

वाचिका: माइक श्वास घेत नाही.

कानसेन: आत येऊ का? दिवा लाल आहे की विझलाय ते मला दिसत नाही, पण भांडण ऐकू आलं म्हणजे रेकॉर्डिंग बंद असणार.

वाचिका: या, कानसेनभाऊ. आज खाली कसे? दोन महिने येतेय मी इथे, तुम्हाला वरच्या तपासणीच्या खोलीतून उतरताना कधी पाहिलं नाही.

कानसेन: मीही तुम्हाला कधी पाहिलं नाही, ताई. फिट्टंफाट. खुर्ची कुठे आहे? टिचकी मारा तिच्यावर. हां, सापडली. बटणराव, तुमची ती बटणं सोडा आणि इकडे आत या. तिघांत बोलायचं आहे.

काका: मला इथून ऐकू येतं.

कानसेन: तुम्हाला सगळीकडूनच ऐकू येतं. तरी या. बसलात? बसलात. ताई, तुमची तब्येत कशी आहे?

वाचिका: माझी? ठणठणीत. का हो?

कानसेन: ऑफिसात फोन आला होता. आपल्याकडून पुस्तकं नेणाऱ्या एक आजी आहेत. दृष्टी जाऊन दहा वर्षं झाली, तेव्हापासून त्या आपली पुस्तकं ऐकतात. मागच्या महिन्यात तुम्ही वाचलेलं ते प्रवासवर्णन त्यांच्याकडे गेलं होतं. म्हणाल्या, पुस्तक छान आहे, पण वाचणाऱ्या बाईंना दम लागतोय. त्यांच्या छातीत काहीतरी आहे. कुणीतरी त्यांना डॉक्टरकडे न्या, त्या आपणहून सांगायच्या नाहीत.

वाचिका: मला काय धाड भरली आहे?

कानसेन: मीही साहेबांना तेच म्हणालो. पण साहेब म्हणतात, पुढचं पुस्तक देण्याआधी बाईंची तपासणी करून घेऊ. मध्येच आजारी पडल्या तर अर्धं काम फुकट जायचं.

वाचिका: ऐकलंत, काका? आता माझं कामही जाणार. कुणाचा श्वास आहे तो?

कानसेन: बोला, बटणराव. नाहीतर मी बोलेन, आणि मला पाल्हाळ लावायची खोड आहे.

काका: तुम्हाला कधीपासून माहीत आहे?

कानसेन: तिसऱ्या पुस्तकापासून. ते निवृत्त हेडमास्तर यायचे वाचायला, आठवतं? विहिरीतून बोलल्यासारखा आवाज. आणि श्वास बाईचा. म्हटलं, मास्तरांच्या पोटात ही कोण शिरली? आधी हसलो. मग हसू आपोआप गेलं. आज चौदा पुस्तकं झाली. प्रत्येकात आहे. मी तपासनीस, चूक धरायचा पगार घेतो, आणि चौदाच्या चौदा पास केली.

वाचिका: अहो पण ती कोण?

काका: आमची ही.

वाचिका: काकू?

काका: तुम्ही बसलात त्याच खुर्चीवर बसायची. एकवीस वर्षं. चार वर्षांपूर्वी गेली. फुप्फुसं. हीच कादंबरी वाचत होती. मधूनमधून, इतर कामं सांभाळून. वर्षभरात अठरा प्रकरणं झाली होती.

वाचिका: आणि ती टाकून तुम्ही माझ्याकडून पहिल्यापासून वाचून घेतलीत?

काका: इथला नियम आहे. एका पुस्तकाला एकच आवाज. चार वर्षं मी हे पुस्तक दुसऱ्या कुणाला देऊ दिलं नाही. या वर्षी ऑफिसनं ऐकलं नाही.

वाचिका: काकूंची अठरा प्रकरणं त्या जुन्या मशीनमध्ये आहेत.

काका: आहेत. आणि एक फोल्डर आहे. वाक्यांच्या मधले श्वास आम्ही कापतो, ताई. श्वास, घोट, खोकला, पानाची सळसळ. ऐकणाऱ्याला त्रास नको म्हणून. कापलेलं सगळं एका फोल्डरमध्ये जातं. त्याचं नाव ‘कचरा’. पुस्तक संपलं की पुसायचा. हिचं पुस्तक संपलंच नाही.

वाचिका: म्हणून पुसला नाही.

काका: सुरुवातीला हातसुद्धा लावला नाही. मग कुणाच्या तरी वाचनात दोन वाक्यं फार चिकटून आली होती. मध्ये जागा हवी होती. नुसती शांतता घातली तर ते मढ्यासारखं लागतं, माणूस बोलतोय असं वाटत नाही. श्वास लागतो. हिचा एक घेऊन घातला. फिट्ट बसला.

वाचिका: मग सवयच लागली.

काका: बरं वाटलं. कुणीतरी कुठेतरी घरी बसून पुस्तक ऐकतंय, आणि त्यात ही श्वास घेतेय.

वाचिका: माझ्या तोंडात घातलात तुम्ही तो. मला न विचारता. आपल्याच तोंडून दुसऱ्याचा श्वास ऐकला की काय होतं, कल्पना आहे? मी हात पुसले आणि आरशासमोर गेले. पंचावन्न वर्षांची बाई, आ करून घशात बघत उभी. भ्याले मी, काका. या वयात इतकी भ्याले, की घरातले सगळे दिवे लावले.

काका: चुकलं माझं.

वाचिका: चुकलंच.

कानसेन: रागवा तुम्ही त्यांच्यावर, ताई, तुमचा हक्कच आहे. पण मी जिना उतरून आलोय तो वेगळ्यासाठी. बटणराव, आजींना जे ऐकू आलं, ते आपल्या दोघांना का नाही आलं?

काका: काय?

कानसेन: की छातीत काहीतरी आहे.

काका: नाही, नाही. ते तसं नाही. मी घातले ते सगळे सुरुवातीचे आहेत. पहिल्या चार प्रकरणांतले. त्याच्या पुढच्यांना मी हात लावलेला नाही. तेव्हा ती धडधाकट होती. जायच्या वर्षभर आधीचे आहेत ते.

कानसेन: नव्हत्या धडधाकट.

काका: होती. रोज ऐकत होतो मी तिला, या हेडफोनमधून. दुसऱ्याचं चुकेल, माझं नाही चुकायचं.

कानसेन: आजींनी ते पुस्तक एकदा ऐकलं, बटणराव. एकदाच. आणि उठून फोन केला.

वाचिका: काका, हे बघा जरा.

काका: काय ते?

वाचिका: हेच पुस्तक. पहिल्या दिवशी तुम्ही मला पिशवीसकट दिलंत, न उघडता. यात पेन्सिलीच्या खुणा आहेत, ओळींमध्ये बारीक तिरप्या रेघा. श्वास कुठे घ्यायचा त्याच्या. मला वाटलं, तुमच्याकडची पद्धत असेल. मी त्याच धरून वाचत गेले. छान होत्या, जाणकार माणसानं केलेल्या. हे पहिलं प्रकरण. ओळीला एक रेघ. कुठे दीड ओळीला.

काका: तिची सवय. पेन्सिल कानावर खोचलेली असायची.

वाचिका: हे पाचवं. ओळीला दोन. हे नववं. इथून मी तिच्या खुणा सोडून दिल्या, कारण इतक्या जवळजवळ थांबलं तर वाक्याचा भुगा होतो. म्हटलं, बाईंना भीती आणायची असेल, म्हणून अशी तोडली. आता सोळावं बघा. अठरावं बघा.

काका: चष्मा नाही माझ्याकडे.

वाचिका: गळ्यात आहे.

काका: तीन-तीन शब्दांवर.

वाचिका: आणि हे एकोणिसावं.

काका: हे तिनं वाचलं नाही. अठरावं झालं, तिथेच राहिलं.

वाचिका: वाचलं नाही, पण तयार केलेलं आहे. शेवटच्या ओळीपर्यंत. दोन शब्द, रेघ. दोन शब्द, रेघ. एका ठिकाणी खोडरबरानं खोडून रेघ आणखी अलीकडे घेतलीय. एवढ्या दमात कुठवर जाता येईल याचा अंदाज घेत बसली असणार ती घरी. सोडून देत नव्हती, काका. जेवढा उरला होता तेवढ्यात बसवत होती.

कानसेन: म्हणजे वहिनींना माहीत होतं.

काका: मला बोलली नाही.

कानसेन: कुणालाच बोलल्या नाहीत. वर सही करायला यायच्या ना रोज. जिन्याला अकरा पायऱ्या आहेत. वहिनी चौथ्या पायरीवर थांबायच्या. मी वरून विचारायचो, काय झालं हो? तर म्हणायच्या, चप्पल निसटली. रोज निसटायची. मी त्यांना म्हणालो, वहिनी, नवी घ्या आता, पडाल कुठेतरी. मघाशी खाली येताना त्या पायरीवर थोडा वेळ उभा राहिलो. मनात होतं, तुम्हाला चांगलं सुनवायचं, की बटणराव, तुम्ही आवाज इतका धुऊन पुसून वर पाठवत होता, नाहीतर मी ओळखलं असतं. कसलं ओळखतोय. मीही ऐकलंच होतं, आणि चप्पल समजलो.

काका: डॉक्टर म्हणाले, दोन वर्षांचं दुखणं आहे. घरात कुणाला दम ऐकू आला नाही का? मी म्हटलं, नाही. मग त्यांनी विचारलं, तुम्ही काय काम करता?

वाचिका: काय सांगितलंत?

काका: ध्वनिमुद्रक आहे, म्हणालो. त्यांनी पेन खिशाला लावलं. चार शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं.

कानसेन: पाणी आणू का?

काका: नको. मघाशी मी खोटं बोललो, ताई. मला ऐकू येत होते. सगळे. मी माझ्या हातानं कापायचो, एकेक. सुरुवातीला दिवसाला शंभर. मग दोनशे. मग तीनशे. मी वैतागायचो, की काम वाढतंय. घरी जाताना तिला म्हणायचो, आज फार घाण आली होती गं तुझ्या आवाजात. ती म्हणायची, उद्या कमी करते.

वाचिका: अरे देवा.

काका: दुखणं कापून कचऱ्यात टाकत होतो मी. इतकं सफाईनं, की शेवटच्या महिन्यातलं ऐकूनसुद्धा लोक म्हणायचे, बाईंचा आवाज अजून कसा तरणा आहे. मला अभिमान वाटायचा. माझ्या कामाचा.

कानसेन: त्या फोल्डरमध्ये शेवटच्या महिन्याचं आहे?

काका: आहे. उघडलेलं नाही.

वाचिका: चार वर्षांत एकदाही?

काका: शेवटच्या फाइलमध्ये नुसता श्वास नाही. बोलणं आहे. काय आहे ते मला माहीत आहे, म्हणून उघडत नाही.

वाचिका: आणि मशीन गेलं की तेही जाणार, म्हणून त्या नर्सला तुम्ही चार दिवस दाराबाहेर उभं ठेवलंत. पेन ड्राइव्हवर घेऊन घरी का नाही नेलंत? कुणी अडवलं होतं?

काका: घरी नेऊन काय करू? घरी ती नाही, हे मला पक्कं माहीत आहे. तिथे दोन कप आहेत आणि एक कायमचा पालथा आहे. इथे तसं नाही. इथे पुस्तक चालू आहे.

वाचिका: मी एक बोलू? असल्या कादंबऱ्यांची मी आधी टर उडवायचे. हातात दिवा घेऊन एकटीच जिना चढणाऱ्या बाया. सगळे सांगतात जाऊ नकोस, आणि ही निघाली. मी म्हणायचे, अगं बये, पळ ना. बाहेरचं दार उघडं आहे, पहिली गाडी पकड आणि सूट. पण चार दिवस तिच्या जागी उभी राहिले, तेव्हा कळलं. ती काही शूर नाही. फक्त श्वास ऐकू आल्यावर न ऐकल्यासारखं करून कूस बदलून झोपणं तिला जमत नाही. बाकी काही नाही.

काका: ही पण असलंच काहीतरी म्हणायची. मी म्हणायचो, भुताखेताच्या गोष्टी कसल्या वाचतेस. ती म्हणायची, यात भूत नावालाच असतं हो, माणूसच जास्त असतं.

वाचिका: लावा ती फाइल.

काका: तुम्ही दोघं बाहेर जा जरा.

कानसेन: मी कुठे जाऊ? मला जिना चढायला वेळ लागतो. इथेच बसतो. हात धरायचा तर धरा, नाही धरला तरी चालेल.

(काका जुन्या मशीनपाशी जातो. स्पीकरमधून श्वास येऊ लागतात, एकामागून एक, मध्ये शब्द नसलेले. बराच वेळ ते आखूड होत जातात. मग बोलणं येतं.)

ध्वनिमुद्रणातली बाई: अहो, जरा थांबू या का?

ध्वनिमुद्रणातला पुरुष: एवढं पान होऊ दे.

ध्वनिमुद्रणातली बाई: बरं.

कानसेन: संपलं?

काका: संपलं. मग तिनं पान पुरं केलं. अठराव्याचं शेवटचं. एक चूक नाही, एक शब्द अडखळला नाही. मी तिचं ‘थांबू या’ कापलं, माझं कापलं, ‘बरं’ कापलं, आणि मागचं पुढचं जोडून टाकलं. जोड कळतसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी ती आली नाही.

वाचिका: केवढं होतं ते पान?

काका: दोन मिनिटं चाळीस सेकंद.

कानसेन: बटणराव, हात द्या इकडे. गार पडलाय.

काका: ‘बरं’ म्हणाली. बघितलंत? रागावलीसुद्धा नाही.

वाचिका: ऐकलं मी. मी तुम्हाला सांगणार नाही की तुमचा दोष नाही.

काका: नका सांगू. चार वर्षं सगळे तेच सांगतायत.

वाचिका: दोष आहे. आणि ते पान तिनं पुरं केलं, तेही तितकंच खरं आहे. तुमच्यासाठी केलं की पुस्तकासाठी, ते ती एकटी जाणे.

कानसेन: आता आजींचं काय करायचं ते सांगा. आज सकाळी त्यांचा पुन्हा फोन आला होता. बाईंना डॉक्टरकडे नेलं का, म्हणून. आता जिला कुणीच नेऊ शकत नाही, तिच्या काळजीनं त्या म्हातारीला झोप नाही. हे काही बरं नव्हे.

काका: नंबर आहे त्यांचा?

कानसेन: तोंडपाठ.

काका: उद्या मी करतो फोन. काय सांगू?

कानसेन: खरं ते. की तुम्ही बरोबर ऐकलंत.

काका: आणि फार उशीर झाला.

कानसेन: ते नका सांगू. उशीर त्यांनी नाही केला, आपण केला.

वाचिका: आणि साहेबांना?

काका: साहेबांना आज सांगतो. तुमची तब्येत चांगली आहे, खराबी माझी आहे. चौदा पुस्तकांतून काढतो सगळे. तुमच्यातले आधी.

कानसेन: मी तपासतो. या वेळी नीट.

वाचिका: आणि तो फोल्डर?

काका: जाऊ दे मशीनबरोबर. तिची अठरा प्रकरणं तेवढी घरी नेतो. आणि ती शेवटची फाइल.

वाचिका: ती कशाला? स्वतःला छळायला?

काका: जिथून कापली तिथे परत जोडायची आहे. अठराव्यात, शेवटच्या पानाच्या आधी. तिची जागा आहे ती.

कानसेन: नियमात बसत नाही.

काका: घरच्या प्रतीला नियम नाही.

कानसेन: मग जोडा. मला द्या एकदा तपासायला. काढायला सांगणार नाही.

काका: पावणेपाच झाले. ताई, घ्यायचं का?

वाचिका: ‘कडीला हात लावला’पासून? दहाव्यांदा?

काका: नववं चांगलंच आलं होतं. तसं दुसरंही चांगलं होतं. त्याच्या पुढून घ्या.

वाचिका: मी काकूंच्या खुणांवर वाचणार आहे.

काका: तुम्हाला गरज नाही त्याची. वाक्याचा भुगा होईल.

वाचिका: मघाशी मीच म्हणाले ते. पण तिनं हे प्रकरण बसवलंय, एकदा तरी कुणीतरी तसं वाचायला हवं. आणि माझे श्वास राहू द्या. जिथे घेतले तिथे.

काका: बरं. लाल दिवा लावतो. कानसेन, हलायचं नाही.

कानसेन: मी इथे नाहीच.

काका: चालू.

वाचिका: ‘दार आत गेलं. ते कुरकुरलं नाही, जणू रोज कुणीतरी ते उघडत होतं. खोलीत कुणी नव्हतं. पलंग नव्हता, कपाट नव्हतं, खिडकीला पडदा नव्हता. फक्त एक खुर्ची होती, भिंतीला चिकटवून ठेवलेली. भिंतीच्या पलीकडे, बरोबर त्याच जागी, नर्सची उशी यायची. तिनं खुर्चीच्या पाठीला हात लावला. लाकूड तिथे झिजून गुळगुळीत झालं होतं. वर्षानुवर्षं कुणीतरी इथे बसून, भिंतीला कान लावून, पलीकडे झोपलेल्या माणसाचा श्वास ऐकत आलं होतं. तिला वाटलं, आता आपण किंचाळणार. ती किंचाळली नाही. तिनं खुर्ची भिंतीपासून ओढून घेतली, आणि’

काका: थांबा.

वाचिका: काय झालं? खुर्ची वाजली?

काका: नाही.

वाचिका: जीभ?

काका: काही वाजलं नाही. तुम्हाला दम लागलाय. दोन-दोन शब्दांवर वाचताय केव्हापासून, ओठ कोरडे पडलेत, इथून दिसतंय. बाहेर या आणि पाणी प्या.

वाचिका: अहो, एकच पान उरलंय. पाचला पाच कमी आहेत. मुलं येतील मशीन न्यायला.

काका: येऊ देत. दाराशी उभी राहतील जरा.

वाचिका: शेवट ऐकायचा नाही तुम्हाला?

काका: ऐकायचाय. चार वर्षं ऐकायचाय.

वाचिका: मग एवढं पान होऊ दे की.

काका: नको. पान कुठे जात नाही. या, पाणी भरून ठेवलंय.